सतरा नंबरची पूड

तुम्ही शेवटची गोळी कधी घेतलीत? तापाची असेल, डोकेदुखीची असेल. ती गोळी तयार होताना जे उरलं, ते कुठं गेलं हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मलाही नव्हतं. बिदरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी मला हे विचारलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि प्रश्न विचारण्याचं काम फक्त माझं आहे अशा समजुतीत होतो.

सगळं कॉलेज त्यांना अक्का म्हणायचं. मीही इथं तेवढंच लिहितो. अक्कांची एक सवय होती. एखादी विद्यार्थिनी प्रयोग संपवून, तयार झालेला पदार्थ कागदावर घेऊन, खुशीत त्यांच्यासमोर आली, की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या. कागदावरच्या पदार्थाकडं बघायच्याच नाहीत. तिच्या खांद्यावरून मागं, मोरीकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "ते ऱ्हाऊ दे. उरलेलं कुठं ठेवलीस?"

मोरीत ओतलं असेल तर तो प्रयोग अक्कांच्या लेखी झालाच नव्हता. परत करायचा.

मी त्यांच्याकडं गेलो तो भांडायच्या तयारीनं. आमचं घर पत्रकांवर वाढलेलं. वडील मजुरांच्या सभांची पत्रकं वाटायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. 'जागे व्हा' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होते. पुढं कॉलेज अर्ध्यात सोडून मी स्वतःच पत्रकं काढायला लागलो. तेव्हा आमच्याकडची तरणी पोरं पुण्याला आणि हैदराबादला चालली होती. जी उरली होती ती बिदरला लागून असलेल्या कोळारच्या कारखान्यांत आणि गोदामांत लागत होती. शहराबाहेर एक ओढा होता. त्याच्या पाण्याला रंग होता आणि वासही होता. मी एका थंड पेयाच्या बाटलीत ते पाणी भरलं आणि नेऊन अक्कांच्या टेबलावर आपटलं.

"ह्यात विष आहे असं लिहून द्या," म्हणालो.

अक्कांनी बाटली उजेडात धरली. "कधी भरलास?"

"परवा."

"कुठल्या जागी?"

"ओढ्यात."

"ओढा काय चार हाताचा हाय? बरं, भरायच्या आधी बाटली धुतलास का?"

मी मान हलवली, नाही.

"मग ह्यात पहिली साखर निघंल. कारखानेवाल्यावर काय आरोप करणार, ओढ्यात सरबत सोडायलाय म्हणून?"

पलीकडच्या टेबलावर दोन मुली फिदीफिदी हसल्या. अक्कांनी मला सहा स्वच्छ बाटल्या दिल्या, चिकटवायला चिठ्ठ्या दिल्या. "सहा जागी भर. जागा लिही, वेळ लिही. विष निघालं तर तसं लिहून देते, सही करून. न्हाई निघालं तर तसंबी लिहून देते. चालंल का, पत्रकवाल्या?"

खरं सांगायचं तर त्यातलं दुसरं मला चालणार नव्हतं. पण मी भरून आणल्या. सहापैकी दोन बाटल्यांत नको ते निघालं, चारांत नाही. अक्कांनी दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या आणि खाली सही केली. त्या सहीसाठी पुढं त्यांना किती जणांची बोलणी खावी लागली ते मला मुलींकडून कळलं. अक्का त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. माझं त्या वेळचं पत्रक मात्र त्यांनी पेन्सिल घेऊन वाचलं आणि सगळी उद्गारचिन्हं खोडली.

"हे खिळे कामून ठोकलास? वाक्य पडायलंय का?"

त्यानंतर मी त्यांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला जाऊ लागलो. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्या वयाच्या सगळ्या पोरांना खरं बोलणारी मोठी माणसं हवी असतात आणि ती फार थोडी सापडतात.

आता अक्कांचं काम सांगतो. त्यांचे अप्पा आळंदला कापडाचं दुकान चालवायचे. त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. किमोनं गाठ लहान झाली, पण तोंड आतून सोललं, नखं काळी पडली. रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाणारा तो माणूस शेवटी शेवटी चमचाभर ताकालाही घाबरायचा. "रोग कुठला आन् माणूस कुठला, ते औषधाला कळलं न्हाई," अक्का म्हणायच्या. "ज्याला कळंल असं औषध पाहिजे."

गाठ मारायची, पण गाठीशेजारची धडधाकट पेशी सोडायची. जगभर मोठमोठ्या प्रयोगशाळा याच्याच मागं लागल्या आहेत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्या बिदरच्या गळक्या छपराखाली स्वतःचा वाटा उचलत होत्या. आणि त्यात त्यांनी स्वतःवर आणखी एक अट घालून घेतली होती. असं औषध बनवताना सहसा पदार्थ क्लोरोफॉर्मसारख्या द्रवात विरघळवतात, तासन्‌तास तापवतात आणि शेवटी तो द्रव टाकून देतात. चिमूटभर औषधामागं बादलीभर घाण. अक्कांनी तो द्रवच काढून टाकला.

"एकाचं आतडं वाचवायला दुसऱ्याच्या हिरीत इख ओतायचं? असलं औषध माझ्या अप्पाला नको होतं."

त्या चिनीमातीच्या खलात दोन पांढऱ्या पुडी घालायच्या, थेंबभर पाणी, किंचित क्षार, आणि घोटायच्या. शेगडी नाही, वाफ नाही. हात दुखेपर्यंत घोटलं की पांढऱ्याचं हळूहळू पिवळं व्हायचं. पहिल्यांदा तो रंग चढताना पाहिला तेव्हा मी धुवायची बाटली हातात तशीच धरून उभा होतो. खल धुतलेलं पाणी लिंबाचा रस घालून सौम्य करायचं आणि मातीच्या परातीत गच्चीवर ठेवायचं. बिदरचं ऊन ते दोन दिवसांत आटवायचं. तळाला जी पापडी उरायची ती खरवडून, बाटलीत भरून, वर चिठ्ठी लावून कपाटात. कॉलेजचा शिपाई दारातून जाता जाता रोज विचारायचा, "अक्का, चटणी झाली का? भाकरी आणू?" अक्का न बघता म्हणायच्या, "आण. पहिला घास तुला."

तयार झालेल्या प्रत्येक पुडीला नंबर असायचा. ती हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत पाठवायची. तिथं अक्कांची एक जुनी विद्यार्थिनी होती. तिथं काचेच्या बशीत आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी वाढवलेल्या असत, त्यांच्यावर ती पूड घालून बघत. पहिल्या सोळा पुडींनी काहीच केलं नाही. सोळा वेळा पाकीट आलं आणि सोळा वेळा अक्का म्हणाल्या, "बरं. सतरावी."

सतराव्या पुडीचं पाकीट आलं तेव्हा मी तिथं होतो. अक्कांनी कागद वाचला, परत वाचला, चष्मा कपाळावर चढवला. "मेल्यात," म्हणाल्या.

"कोण?"

"कॅन्सरच्या पेशी. बऱ्याचशा."

मी टेबलावर हात आपटला. मुली टाळ्या वाजवू लागल्या. अक्का हसल्या, नाही म्हणत नाही, पण लगेच कागद घडी घालून वहीत ठेवला. "अर्धंच उत्तर आलंय. चांगल्या पेशीवर काय होतंय ते पुढच्या पाकिटात. तवर कुणी कुठं बोलायचं न्हाई."

मी बोललो नाही. मी छापलं.

मला ते अर्धं उत्तर पुरेसं वाटलं. आमच्या मुलखाला कधी कुणी चांगली बातमी दिली होती? नोकरी म्हणजे पुणे, दवाखाना म्हणजे हैदराबाद, औषध म्हणजे परदेश. आणि इथं एक बाई खलबत्त्यात घोटून, ओढ्यात थेंब न सांडता, कॅन्सरला मारत होती. हे लोकांना कळायला नको? तीनशे पत्रकं, पिवळा कागद. वर मथळा: 'आतड्याच्या कॅन्सरवर औषध सापडलं! आपल्या मातीत! आपल्या अक्कांच्या हातून!' तीन खिळे. खाली माझं नाव. चार दिवसांत आळंदच्या बाजारापासून औरादच्या बसस्टँडपर्यंत आणि आमच्या ठाणाकुशनूरच्या पारापर्यंत मी गठ्ठे पोचवले. न्हाव्याची दुकानं, पिठाच्या गिरण्या, चहाची हॉटेलं, मठ, मंदिर, दर्गा. कुठल्या जागी किती, ते वहीत लिहिलं. ती सवय अक्कांनीच लावली होती.

आठवड्यानं कॉलेजच्या फाटकात माणसं येऊन बसली. कुणी आईसाठी, कुणी नवऱ्यासाठी. एका म्हाताऱ्यानं पूड न्यायला डबा आणला होता, घासूनपुसून.

अक्का त्या दिवशी प्रत्येकाशी वेगवेगळं बोलल्या, मराठीत, कन्नडमध्ये, दख्खनीत. औषध नाही, चूक झाली, चालू आहेत ते उपचार सोडू नका. संध्याकाळी माझ्याकडं वळल्या. मी वाट बघत होतो की त्या ओरडतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"किती छापलास?"

"तीनशे."

"उरलेली कुठं ठेवलास?"

"काही उरली नाहीत, अक्का. सगळी वाटली."

"तेच इचारायलेय. सगळी उरलीयत. तीनशेच्या तीनशे. कुणाच्या घरात, कुणाच्या उशाखाली. ती कुठं हायत?"

मी म्हणालो, माझा हेतू चांगला होता. त्या एकच कन्नड शब्द म्हणाल्या, "साकु." पुरे. आणि घरी गेल्या.

तुम्ही म्हणाल, एक चुकीचं पत्रक, त्यानं काय होतं? मीही आठ दिवस स्वतःला तेच समजावत होतो. मग आईचा निरोप आला: मामाला भेट.

माळप्पा मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याच्या बापाच्या काळात घरात दीडशे मेंढरं होती. मामाच्या वाटणीला आली ती काठी आणि घोंगडी. आता तो कोळारच्या एका गोदामावर वॉचमन होता. अंगावर खाकी शर्ट आणि खांद्यावर तीच घोंगडी. मला पाहून तो स्टुलावरून उठला आणि शर्टाच्या खिशातून चार घड्यांचं पिवळं पत्रक काढलं.

"भाच्या, तूच छापलास न्हवं हे? तुझं नाव हाय खाली. मग मला दे की ती पूड."

मला समजेना. मग हळूहळू बाहेर आलं. वर्षभर त्याला शौचातून रक्त जात होतं. लाजेनं कुणाला सांगितलं नाही. मूळव्याध समजून एका गावठी वैद्याचा पाला घेत राहिला. शेवटी चक्कर येऊन पडला तेव्हा गोदामाच्या मुकादमानं दवाखान्यात नेलं. तिथून हैदराबाद. कॅन्सरची गाठ होती, मोठ्या आतड्यात, अगदी खाली. डॉक्टर म्हणाले, अजून पसरलेली नाही, ऑपरेशन करू, पण शौचाची वाट पोटातून काढावी लागेल, कायमची पिशवी लावावी लागेल. तारीख दिली. त्या तारखेच्या आदल्या दिवशी गोदामाशेजारच्या चहाच्या टपरीवर मामाला माझं पत्रक मिळालं.

"तारीख कधी होती?" मी विचारलं.

"होऊन गेली की. हप्ता झाला."

"मामा, जा. उद्याच्या उद्या जा."

"कामून जाऊ? पोटाला पिशवी लावत्यात. घाण हितं पुढं लटकणार. देवाच्या म्होरं कसं जाऊ? पंगतीला कोण बसवंल? आन् तुझ्या अक्काची पूड असताना?"

"तसली पूड नाही मामा. मी चुकीचं लिहिलं."

मामानं पत्रक घडी करून परत खिशात ठेवलं. मग हसला. "व्हय, व्हय. मोठ्या लोकाला देणार आसंल ती, आन् मामाला न्हाई. छापलेलं खोटं आसतंय व्हय रं?"

माझ्याच घरात मी छापलेलं जास्त खरं होतं आणि मी समोर उभा राहून बोलत होतो ते खोटं.

मी अक्कांकडं गेलो. त्यांच्या टेबलावर दुसरं पाकीट उघडून पडलं होतं. सतरा नंबरच्या पुडीनं चांगल्या पेशीही तेवढ्याच मारल्या होत्या. मी मामाचं सांगितलं. अक्कांनी कपाटातून सतरा नंबरची बाटली काढली, पदरात गुंडाळली आणि म्हणाल्या, "चल."

गोदामाच्या फाटकाशी तुरीच्या पोत्यांच्या सावलीत मामा बसला होता. अक्का त्याच्यासमोर खाली फरशीवरच बसल्या. बाटली दोघांच्या मधे ठेवली.

"मामा, हीच ती पूड."

मामाचा हात पुढं आला. अक्कांनी बाटलीवर आपला हात ठेवला.

"देते. पर आधी मला एक सांगा. ह्यो सांगायलाय, तुमच्या घरात मेंढरं होती. मेंढराला गोचीड झाली की काय करायचाव?"

आपल्या धंद्याचं कुणी विचारलं की माणूस कसा बसतो ते तुम्ही पाहिलं असेल. मामाची पाठ सरळ झाली. "हौदात औषधाचं पाणी करायचं. एकेक मेंढरू धरून बुचकळून काढायचं. गोचीड गळून पडती."

"मेंढराला काय होत न्हाई?"

"न्हाई होत. माप बराबर पाहिजे." मामा थांबला. "एक साल बा चुकला. एकाच्या जागी दोन टोपणं घातला. गोचीड सारी मेली, एकबी ऱ्हायली न्हाई. बा लई खूश. तिसऱ्या दिशी नऊ कोकरं मेली. मी मांडीवर घेऊन बसलो हुतो."

अक्कांनी बाटलीवरचा हात काढून घेतला.

मामा बाटलीकडं बघत राहिला. आतून एक ट्रक भरून निघाला, फाटकातून गेला, धूळ बसली. मामा उठायचा विसरला, ट्रकवाल्यानं शिवी हासडली.

"म्हंजी ह्या पुडीनं," मामा सावकाश म्हणाला, "गोचीडबी मरंल आन् मेंढरूबी."

"व्हय."

"तुमीच केलाव न्हवं ही?"

"मीच केले. म्हणून मीच सांगायला आले. गोचीड मरंल आन् मेंढरू ऱ्हाईल असली पूड मला अजून जमली न्हाई, मामा. डॉक्टरकडची सुरी आज हाय. पिशवीचं म्हणाल तर माझ्या अप्पाला पिशवी लावून दहा वरीस जगायला मिळालं असतं, तर मी ती रोज माझ्या हातानं धुतली असती."

मामानं खिशातलं पत्रक काढलं, माझ्या हातात दिलं. "घे. तुझं तुझ्याजवळ ठेव."

दुसऱ्या दिवशी आम्ही हैदराबादच्या बसमध्ये होतो. डॉक्टर चिडले, मग कागद चाळले, नवी तारीख दिली. त्या दिवसापर्यंत गाठ किती वाढली असेल, हे कुणी सांगू शकत नव्हतं. तो प्रत्येक दिवस मी छापलेला होता. अक्का रोज मुलींना शिकवून झालं की कॉलेजच्या फोनवरून विचारायच्या, "मामा जेवला का?" मी कसा आहे, हे एकदाही विचारलं नाही.

ऑपरेशन झालं. गाठ सबंध निघाली. मामाला पिशवी लागली आणि पहिले दोन महिने त्यानं कुणाशी धड बोलणं टाकलं. मग एक दिवस पारावर कुणीतरी कुजबुजलं, तेव्हा मामानं सदरा वर केला आणि म्हणाला, "बघायचंय? बघा. तुमाला दर सकाळी डबा घिऊन रानात पळावं लागतंय. माझं रान माझ्याजवळ हाय." पार हसला. त्या हसणाऱ्यांतला एक जण दोन दिवसांनी मामाला एकट्याला गाठून म्हणाला, "माळप्पा, मलाबी रगात जायलंय रं." मामानं त्याला त्याच बसनं दवाखान्यात नेलं. त्याची मूळव्याधच निघाली. मामाला वाईट वाटलं की आनंद झाला, ते त्यालाच सांगता येईना.

इकडं अक्कांनी मला कामाला लावलं होतं. दुसरं पत्रक त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. पांढऱ्या कागदावर, एकही खिळा नाही. 'मागच्या पत्रकात मी खोटं लिहिलं. औषध सापडलेलं नाही. शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध समजून घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. उपचार चालू असतील तर थांबवू नका.' खाली माझं नाव, पहिल्याएवढ्याच मोठ्या अक्षरात. ते अक्षर मी जरा लहान केलं होतं. अक्कांनी पट्टी लावून मोजलं आणि परत पाठवलं.

"हे नुसतं वाटायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पांढरं द्यायचं, पिवळं परत घ्यायचं. जे सांडलास ते भरून आण."

जिथं जिथं गठ्ठे ठेवले होते तिथं तिथं मी परत गेलो. सुट्टीच्या दिवशी मामा घोंगडी टाकून बरोबर यायचा. वहीत मी रकाने केले: परत आलं, चुलीत गेलं, भज्यांना गेलं, पोरांनी होड्या केल्या. शेवटचा रकाना: ठाऊक नाही. अक्का दर आठवड्याला फक्त तो शेवटचा रकाना बघायच्या. "किती ऱ्हायली?" सुरुवातीला दोनशेवर होती. मला वाटलं होतं, महिन्याभरात त्या कंटाळतील. त्या कंटाळल्या नाहीत, म्हणून मलाही कंटाळता आलं नाही. तीन वर्षं.

एका गावात, नाव लिहीत नाही, एका बाईनं पत्र्याच्या पेटीतून पत्रक काढून दिलं. साडीच्या घडीत जपून ठेवलेलं. "मालक गेले," म्हणाली. "ते म्हणायचे, अक्काकडं जाऊ. जायचं ऱ्हाऊन गेलं." त्यांनी डॉक्टरांकडं जाणं माझ्या पत्रकामुळं सोडलं होतं का, ते मी विचारू शकलो नाही. मामानं विचारलं. ती म्हणाली, "काय म्हाईत." मामानं तिला नमस्कार केला. ते पत्रक 'परत आलं' मध्ये लिहावं की नाही, हे मी अक्कांना विचारलं. त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि स्वतःच्या अक्षरात वेगळा रकाना काढला. त्याला नाव दिलं नाही.

तेविसाव्या पुडीचं पाकीट आलं तेव्हा अक्कांनी ते दोन्ही पानं, कॅन्सरच्या पेशींचं आणि चांगल्या पेशींचं, शेजारी ठेवूनच वाचलं. या वेळी चांगल्या पेशी थोड्या जास्त तगल्या होत्या. "थोडा फरक हाय," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना शेंगदाण्याची चिक्की दिली. शिपायालाही. मी तोंड उघडलं, तर चष्मा वर.

"न्हाई छापत," मी म्हणालो.

"मी कुठं काय म्हणाले?"

त्यांची एक विद्यार्थिनी पुढं हैदराबादला औषध कारखान्यात लागली. पहिल्याच मीटिंगमध्ये तिनं विचारलं, उरलेलं कुठं जातं? साहेब म्हणाले, नवीन आहेस, शिक. तिनं पुढच्या मीटिंगमध्ये परत विचारलं. असं तिनं अक्कांना फोनवर सांगितलं, तेव्हा अक्कांनी एवढंच विचारलं, "तिसऱ्या मीटिंगला जाणार न्हवं?"

अक्का गेल्या त्याला आता काही काळ झाला. आजार नाही, काही नाही. वर्ग घेऊन आल्या, खुर्चीत बसल्या आणि तिथंच. निवृत्तीला वर्षसुद्धा उरलं नव्हतं. त्यांचं काम हैदराबादच्या संशोधन संस्थेतली ती जुनी विद्यार्थिनी पुढं नेते आहे. चोविसावी पूड तिच्याकडं आहे. त्या पुडीचं काय झालं, ते मला ठाऊक आहे आणि ते मी लिहिणार नाही, कारण अर्धंच उत्तर आलेलं आहे.

त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या गच्चीवर गेलो. मातीची परात तिथंच होती. पाणी आटलं होतं, तळाला पांढरी पापडी धरली होती, कडांना पिवळसर. शेवटच्या घोटलेल्या खलाचं ते पाणी. शिपाई माझ्यामागून आला, परात बघितली आणि खालून एक रिकामी बाटली आणून दिली. मी पापडी खरवडली, बाटलीत भरली, चिठ्ठी लावली. जागा लिहिली, वेळ लिहिली. बाटली भरायच्या आधी धुतली होती.

आता तुमचं काम. माझ्या वहीतल्या शेवटच्या रकान्यात अजून एक्केचाळीस पत्रकं आहेत. पिवळा कागद, मथळ्यात तीन खिळे, खाली माझं नाव. आळंद, औराद, ठाणाकुशनूर, कोळार, किंवा इथून पुण्याला, हैदराबादला गेलेल्या कुणाच्या सामानात. पेट्या बघा, देवांच्या तसबिरींच्या मागं बघा, म्हाताऱ्यांच्या उशाखाली बघा. पत्रक सापडलं तर आधी ते ज्यानं जपून ठेवलं त्याच्याजवळ बसा आणि कशासाठी ठेवलं होतं ते विचारा. तो लाजेल. उठू नका. रक्त जात असेल तर त्याला घेऊन दवाखान्यात जा, उद्याच जा. तो तपासून घरी आला की मग ते पत्रक, हे लिहिणं तुम्हाला ज्यानं दिलं त्याच्या हातात द्या. हातोहात ते माझ्यापर्यंत येईल. मी वही घेऊन बसलो आहे.